उलटी पेनी

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

उन्मेषची पाठ आता कशी आहे? ऋताचं ब्लडप्रेशर? शिरोळच्या आक्कांचे गुडघे या थंडीत काय म्हणतात? दिवाळी झाल्यापासून पोराचा, सुनेचा, नणंदेचा — कुणाचाच फोन नाही. म्हणून वहीलाच विचारते.

ह्यांची तब्येत मात्र मीच सांगते. अर्धांगवायूला दोन वर्षं झाली. उजवी बाजू गेलेली, डावा हात शाबूत. अन् तोंडात एकच शब्द उरलाय — व्हय! चहा? व्हय. ऊन लागतंय? व्हय. मी कोण, तुमची बायको का भाजीवाली? व्हय!

माझं म्हणाल तर हातीपायी धड आहे. पण ह्यांना एकटं सोडवत नाही. दुधाला जिन्यापर्यंत जाते, तेवढंच. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून मंगळवार पेठेची गल्ली दिसते. तेवढंच माझं कोल्हापूर.

५ नोव्हेंबर, बुधवार

माळा आवरताना मामंजींची तंबाखूची डबी सापडली. मामंजी दुसऱ्या महायुद्धात पलटणीबरोबर इटलीला गेलेले. गोऱ्या सोल्जरांकडून पत्त्यांत जिंकलेली नाणी डबीत. आपल्याकडच्या राणीछाप रुपयासारखी नव्हेत, त्यांच्या देशातली. थोराड, काळपट. एक घेतलं अन् चिंच-मीठ लावून देवाच्या तांब्यासारखं घासलं. लख्ख! जीव खूश झाला.

६ नोव्हेंबर, गुरुवार

खालच्या मजल्यावरचे गणपतराव आले होते. रिटायर मास्तर, जुन्या नाण्यांचा नाद. हौसेनं लख्ख नाणं दाखवलं. त्यांनी कपाळालाच हात लावला.

"वहिनी, सालटं सोललं की वो तुम्ही ह्याचं! शंभर वर्षांचा रंग होता त्यो. चिंच आमटीत घाला, आमटीत! अन् नाणं कडेनं धरायचं."

बरीच बोलणी खाल्ली. पण भिंग ठेवून गेले. ह्या मोठ्या नाण्याला पेनी म्हणतात. मागच्या बाजूला बाई बसलीय, हातात त्रिशूळ. मी अंबाबाई समजून नमस्कार केला होता! ती ब्रिटानिया म्हणे.

९ नोव्हेंबर, रविवार

शाळा माझी सातवीपर्यंत. इंग्रजी अक्षरं उन्मेषच्या पुस्तकांवर शिकले, तेव्हा त्याला अभ्यासाला बसवताना. आज कामाला आली. भिंगातून एकेक नाव लावत बसले.

नवा राजा आला की नाण्यावरचं तोंड फिरवतात. व्हिक्टोरिया राणी डावीकडं बघते, एडवर्ड उजवीकडं, पाचवा जॉर्ज डावीकडं. पण त्याच्या पुढचा सहावा जॉर्जही डावीकडंच! असं कसं? जिन्यातून खाली हाक मारून विचारलं. गणपतराव वर बघून ओरडले, "मधी एक राजा हुता वहिनी! त्याच्या पेन्या बाजारात आल्याच न्हाईत. वर्षाच्या आत गादी सोडली. एका बाईपायी!"

पुठ्ठ्यावर रांग लावली. त्या राजाची जागा मोकळी ठेवली.

दोन वर्षांत आज पहिल्यांदा दुपार कधी सरली ते कळलं नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

उन्मेषचा फोन. पुण्यात असल्या आजाऱ्यांसाठी केंद्र आहे. नर्स चोवीस तास, बोलायला शिकवणाऱ्या बाई आहेत. एक डिसेंबरला जागा मिळतेय. मी म्हटलं, ह्यांना घर सोडवणार नाही. तर म्हणतो, स्पीकर लाव.

"बाबा, पुण्याला येणार नव्हं?"

"व्हय."

"बघ की आई! बाबा स्वतः म्हणाले."

"अरे, चंद्रावर जाणार का विचार! तरी व्हयच म्हणतील."

"तू दर वेळी आडवी येतीस." फोन बंद.

पाठवलं, तर ह्यांना माझ्या हातानं घराबाहेर काढल्यासारखं. नाही पाठवलं, तर पोरगा म्हणणार, आईनं बापाला कोंडून ठेवलं. आणि ज्याचं त्याला विचारावं, तर — व्हय!

खरं लिहू? क्षणभर मनात आलं, एक तारखेला जिना उतरेन आणि एकटी महाद्वार रोडनं चालत जाईन. लगेच स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

१३ नोव्हेंबर

डबी उघडली नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

आधी हे लिहिते, मग दुसरं काम.

दुपारी पेन्या घेऊन ह्यांच्या खाटेवर बसले. करमणूक म्हणून एक त्यांच्या डाव्या हाताशी पांघरुणावर ठेवली. म्हटलं, "हा पाचवा जॉर्ज बरं का."

"व्हय," म्हणाले — आणि बोटानं नाणं पालथं केलं! राजा खाली, बाई वर. मी सुलटं केलं. "जॉर्ज की!" "व्हय." पुन्हा पालथं! मग भिंग लावलं. तोंड उजवीकडं. एडवर्ड! "एडवर्ड का?" "व्हय." हात हलला नाही.

लहानपणी बापाच्या डबीशी खेळलेला माणूस! माझ्या आधीपासून ओळखतो की एकेकाला!

मग मी विचारत सुटले. थंडी वाजतेय? पालथी. खिडकी उघडू? राजा वर. आंबील देऊ? तोंडानं व्हय, अन् पेनी पालथी! दोन वर्षं रोज सकाळी नाचणीची आंबील पाजतेय मी. बिचारा व्हय व्हय करत गिळत होता! हसून हसून रडले. तेही हसले, अर्ध्या तोंडानं.

राजा वर म्हणजे होय. बाई वर म्हणजे नाही.

आता बघते उन्मेषकडं! स्पीकर नव्हे, व्हिडिओच लावते. पण आधी मी विचारीन. आज नको. आजचा दिवस असाच गोड राहू दे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

विचारलं.

"पुण्याच्या केंद्रात जायचं?" "व्हय." राजा वर. हात जागचा हलला नाही.

नीट ऐकलं नसेल. उलटं विचारलं. "इथंच राहायचं का, माझ्यापाशी?" "व्हय." पेनी पालथी.

मी सुलटी केली. "मी दमले म्हणून? माझी सुटका व्हावी म्हणून जाताय?" "व्हय." राजा वर. डोळे माझ्यावर.

"मग मी पण येते. तिथंच कोपऱ्यात अंथरूण टाकीन."

"व्हय," म्हणाले, अन् पालथी केली. आणि वर बोट दाबून धरलं — मला पुन्हा सुलटी करता येऊ नये म्हणून.

२० नोव्हेंबर, गुरुवार

फोनवर बोलवलं नसतं. गणपतरावांबरोबर पत्र टाकायला दिलं. त्यात लिहिलेलं इथं उतरवून ठेवते.

चि. उन्मेष, बाबा खरंच हो म्हणालेत. त्यांच्याबरोबर एडवर्डची पेनी देईन; राजा वर म्हणजे होय, बाई वर म्हणजे नाही, हे तिथल्या बाईंना नीट समजावून सांग. आंबील देऊ नका म्हणावं. पुठ्ठ्यावरच्या रांगेत आता दोन जागा मोकळ्या झाल्या. एक तारखेला जिना उतरून मी कुठं जायचं, ते मात्र मला सुचत नाही. लवकर लिही.