पाळण्याचे चुकलेले माप

मी, बेन्यामिन हसाजी झिराडकर, वय वर्षे सत्तर, जात बेने इस्रायल, धंदा सुतारकाम, राहणार टेंभी नाका, ठाणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. दम्याखेरीज मला काही झालेले नाही आणि डोके ठिकाणावर आहे. गेल्या महिन्यात ते नव्हते. माझी एकुलती मुलगी मिल्का नवऱ्याबरोबर इस्रायलला गेली तर तिला फुटकी कवडी मिळू नये, असे मी तेव्हा लिहिले होते. ते मृत्युपत्र रद्द समजावे.

कारण सांगतो. रोज सकाळच्या प्रार्थनेत आम्ही देवाला ‘ओसे फेले’ म्हणतो. लहानपणी मी प्रार्थना सांगणाऱ्या हज्जानांना अर्थ विचारला, तेव्हा ते म्हणाले, “फेले म्हणजे अद्भुत. माणसाच्या हाताला जे साधत नाही ते करणारा तो.” पुढे मी सुतार झालो आणि हाताला न साधणारे मला काही दिसेना. लग्नाला एकोणीस वर्षे होऊन मूल नाही, म्हणून माझी दिवंगत बायको सेगुला हिने एलियाहू नबीला मलिद्याचा नवस बोलला. मी हसलो. “भिजवलेल्या पोह्यांनी पोर होतं काय गं?”

“तुम्ही नारळ फोडा. बाकीचं तो बघेल.”

वर्षाच्या आत मिल्का झाली. पाळणा करताना माझे माप तीनदा चुकले, इतका आनंद झाला होता.

परवा मिल्काने प्रवासासाठी मलिदा केला. म्हणाली, “बाबा, प्रार्थना तुम्हीच म्हणा. नाहीतर मी बोटीत पाय ठेवणार नाही.” मी ताटाला हात लावला नाही. पण आज सकाळी प्रार्थना म्हणताना ‘फेले’शी येऊन अडलो. पोर माझ्या हातची नव्हेच. तिला खिळा मारून ठेवणारा मी कोण?

१. घर माझ्या पश्चात मिल्काचे. तोवर मी इथेच राहीन. मला खाडीतल्या होडीतही मळमळते.

२. रंधे, पटाशा, करवती माझा जुना दोस्त, माजिवड्याचा काळुराम, याला. मोठी करवत त्याने वीस वर्षांपूर्वी नेली आहे, ती परत मागू नये. “भाव, पोरीला कला अरवतस? जाव दे ना,” म्हणाला म्हणून मी त्याला ओट्यावरून हाकलले. त्याचे बरोबर होते. ज्याला काही द्यायचे तो साक्षीदार चालत नाही, असे वकील सांगतात. त्यावरून तो पुन्हा रुसला आहे.

३. सेगुलाचे मलिद्याचे ताट मिल्काने बरोबर न्यावे.

४. हे मृत्युपत्र माझ्या मरणापर्यंत बंद ठेवू नये. बोट गुरुवारी आहे. मंगळवारी संध्याकाळी मलिदा पुन्हा करू. नारळ मी आणून ठेवला आहे. काळुरामने हा कागद सर्वांसमक्ष मोठ्याने वाचावा. मग प्रार्थना मी म्हणेन.

ठाणे, ता. १४ नोव्हेंबर १९५४
सही : बेन्यामिन हसाजी झिराडकर

आमच्यासमोर, हसत हसत सही केली :
१. दौलत धोंडीबा शिर्के
२. भिवा गणू भोईर