मीटरची चौकट आणि माझा अंगठा

७ मे १९९५, रविवार. सकाळी ११
फियाटच्या मीटरचा दिवा स्वतः बदलला. गाझियाबादचा नीरज मिस्त्री परवा सर्व्हिसिंगच्या वेळीच लावून देत होता, मीच नको म्हणालो. डिग्री इंजिनियरने एका बल्बसाठी मिस्त्रीचं तोंड का बघायचं? शेवटचा स्क्रू जरा जास्त पिळला. सेफ्टी.

दुपारी
मीटरभोवतीच्या प्लॅस्टिकच्या चौकटीला तडा गेलाय. दिल्लीचं ऊन.

संध्याकाळी
कल्पनाने विचारलं, कसा गेला? मी म्हणालो, परवा मिस्त्रीने गाडी उघडली होती ना? यात खोटं काही नाही. मी फक्त प्रश्न विचारला. सकाळी मी दिवा बदलत होतो तेव्हा आमची सुखदा मागच्या सीटवर कॉमिक वाचत होती. वय नऊ. 'कट्' असा आवाज तिने ऐकला नसावा.

९ मे
घात. कल्पनाने पुण्याला फोनवर तात्यांना सांगून टाकलं. गाडी मुळात तात्यांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. एकतीस वर्षांत एक ओरखडा नाही. आम्ही नोएडाला यायला निघालो तेव्हा त्यांनी किल्ली आधी देवापुढे ठेवली, मग माझ्या हातात दिली. २० तारखेला येताहेत. मिस्त्रीशी स्वतः बोलणार आहेत.
संकल्प: त्याआधी चौकट नव्यासारखी करणे. म्हणजे मिस्त्रीचा विषयच मिटला.

१३ मे
कश्मीरी गेटचा स्पेअर पार्टचा बाजार पालथा घातला. चौकट नाही. दुकानदार म्हणाला, नवी गाडी घ्या. आमच्या सेक्टरमध्ये दर आठवड्याला कोणीतरी नवी गाडी आणून लाडू वाटतंच. मी वाहवत जाणारा माणूस नाही.

१४ मे, रविवार
शास्त्रीय उपाय. ऑफिसातला साकेत म्हणतो, नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये प्लॅस्टिक विरघळवून लेप द्यायचा. रंग फक्त सुखदाच्या कंपासपेटीच्या झाकणाशी जुळला. तिला नवी घेऊन देईन. याहून चांगली.

दुपारी
चौकट लोण्यासारखी मऊ पडली. दाबून धरली. आता तडा आहेच, वर माझ्या अंगठ्याचा ठसा. सुकलेला. कायमचा.

संध्याकाळी
सुखदाला बिनझाकणाची पेटी सापडली. रडली नाही. म्हणाली, "बाबा, मी कोणाला काहीच नाही बोलले." कशाबद्दल, ते मी विचारलं नाही.

२० मे
तात्या आले. चहाच्या आधी गाडी. ठशावरून बोट फिरवून म्हणाले, मिस्त्रीचाच अंगठा हा. मी मान डोलावली. फार लाज वाटली. उद्या चहाच्या वेळी सगळं खरं सांगायचं. पक्कं.

२१ मे, रविवार
चहा झाला. पोहेही झाले. मग तात्या, मी आणि सुखदा गाझियाबादला. हिंडन नदीच्या पुलावर सांगणार होतो, पण ट्रॅफिक होता.
तात्यांनी मिस्त्रीला पुणेरी हिंदीत दहा मिनिटं सुनावलं. मी स्टेपनी तपासत होतो. मिस्त्रीने चौकट पाहिली, माझ्याकडे पाहिलं. मग सुखदाकडे. ती स्वतःच्या बुटांकडे बघत होती. त्याने आपला अंगठा ठशावर ठेवला. दुप्पट रुंद. ठसा पार झाकून गेला.
"हाँ बाबूजी, हमसे ही टूटा होगा," तो म्हणाला. "छोड़ जाइए."
परतताना ऑटोत तात्या खूश. "विनयराव, चूक कबूल करणारा माणूस आजकाल मिळत नाही. याला सोडू नका."
 

२७ मे, शनिवार
तात्या काल पुण्याला परतले. त्यांना खरं काय ते पत्रात लिहायचं आहे. आधी मिस्त्रीची माफी. तीन वाक्यं हिंदीत पाठ केली. सुखदाने दोनदा म्हणून घेतली, एक उच्चार सुधारला. तिला बरोबर नेलं.
मिस्त्रीने चौकट आतून पट्टी लावून सांधली आहे. ठसा घासून काढलाय. एक बारीक रेघ तेवढी दिसते. किल्ली देताना सुखदाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाला, "साब, स्क्रू ज़रा हल्के हाथ से कसा कीजिए."
मी म्हणालो, "अच्छा."
सुखदा नेहमी पुढे बसते. आज मागे जाऊन बसली.