साहेब येतात तेव्हाची जाळी

प्रति,
मा. कारखाना तपासणी अधिकारी साहेब,
अमरावती.

अर्जदार : जमुना चंद्रभान वानखडे, वय ४३, दालमिल कामगार, अकोला.

विषय : दि. ९ जून रोजी न झालेल्या अपघातात उजव्या हाताची तीन बोटे गेल्याबाबत.

संदर्भ : आपला दि. ७ जुलै २०२५ चा तपासणी अहवाल.

महोदय,

जमुनाबाईंना उजव्या हाताने लिहिता येत नसल्याने हा अर्ज त्यांच्या सांगण्यावरून त्यांच्याच चाळणीवर काम करणारी ललिता लिहीत आहे. काही कमीजास्त झाल्यास राग माझ्यावर धरावा, त्यांच्यावर नको.

१. जमुनाबाई अकरा वर्षे तुरीच्या चाळणीवर आहेत. मशीनच्या पट्ट्यावर लोखंडी जाळी असावी असा नियम आहे, आणि जाळी आहेसुद्धा. ती वर्षभर ऑफिसात भिंतीला टेकून असते. आपली गाडी अमरावतीहून निघाली की मूर्तिजापूर यायच्या आत गिरणीत फोन येतो, मग जाळी बसते. बायांना गमबूट, मास्क मिळतात, फोटो निघतात. आपण चहा घेऊन गेलात की सगळे परत जमा. जाळी असली की अडकलेला भुसा काढायला मशीन बंद करावी लागते, आणि मालकांना बंद मशीन बघवत नाही.

२. नऊ जूनला आपण बारा वाजता गेलात. साडेबाराला जाळी निघाली. "भाऊ, आजच्या रोज तरी राहू द्या ना जी," असे जमुनाबाईंनी सुपरवायझर गजेंद्रभाऊंना विनवले. ते म्हणाले, "काहून? साहेब गेले ना! आता कोणाले दाखवाची हाये?" तीन वाजता पट्ट्याने हात ओढला.

३. मालकांचे लेखी उत्तर असे की, आपल्या ९ जूनच्या अहवालाप्रमाणे त्या दिवशी जाळी होती. जाळीतून हात जात नाही. सबब अपघात गिरणीत झालेला नाही, बाईंचा हात घरी कडबा कापताना गेला असावा. जमुनाबाईंच्या दारात ना गाय, ना बैल. कडबा त्या कोणाला घालतात, ते मालकांनी लिहिलेले नाही.

४. तक्रारीवरून आपण ७ जुलैला पुन्हा आलात. फोनही आधी आला, जाळीही बसली. आपण सर्वांसमोर बाईंना जाळीतून हात घालून दाखवायला सांगितलेत. बाईंनी पट्टी बांधलेला हात लावून बघितला. गेला नाही. आपण तसे लिहून घेतलेत. साहेब, लाज वाटली हो आम्हाला! वाटायला पाहिजे होती दुसऱ्या कोणाला.

५. आपण असता तेवढा वेळ जाळी असते, हे अकरा वर्षांत सिद्ध झाले आहे. तरी आपण रोज सकाळी आठला यावे आणि सहापर्यंत चाळणीशेजारी बसावे. खुर्ची आम्ही बाया घरून आणू, चहाही आणू. हे जमण्यासारखे नसेल तर एकदा, फक्त एकदा, फोन न होऊ देता यावे.

६. घाईचे कारण असे की, मालकांनी माणुसकी दाखवून जमुनाबाईंच्या जागी त्यांची मुलगी नीलम हिला कामावर घेतले आहे. ती एकोणीस वर्षांची आहे. गेल्या सोमवारपासून ती त्याच पट्ट्याशी उभी आहे. जाळी नाही.

आपल्या गाडीची वाट बघणारी,
जमुना चंद्रभान वानखडे
(सही डाव्या हाताची आहे, मस्टरवरच्या सहीशी जुळणार नाही.)

अकोला, दि. २१ जुलै २०२५

सोबत : दवाखान्याचे कागद, ९ जूनच्या तपासणीतील फोटो (जाळीशेजारी जमुनाबाई, दोन्ही हात पूर्ण).