टेसासाठी बांधलेली रायफल

२ सप्टेंबर
ठरलं! टेसा हरणाच्या शिकारीच्या सीझनला येतेय. आमच्या घटस्फोटानंतर पहिल्यांदाच. तिची आई मार्लिस फोनवर म्हणाली, उगाच काहीतरी मोठं काढून बसू नकोस, व्हर्लिन. मोठं कसलं? पोरीसाठी एक रायफल बांधून घ्यायची, बस. तीही बजेटमध्ये.

५ सप्टेंबर
रायफलचा जीव अ‍ॅक्शनमध्ये. बोल्ट सरकतो, गोळी बसते, ते सगळं त्या एका पोलादी तुकड्यात. नळी आणि दस्ता काय, मागून जोडता येतात. गावातला बंदूकवाला ऑरिन म्हणतो, एखादी जुनी शिकारी रायफल घे, तिचीच अ‍ॅक्शन काढू, स्वस्तात पडेल. कुणाची तरी उतरलेली? माझ्या मुलीला? छे.

११ सप्टेंबर
गन शोमध्ये जुन्या लष्करी माउझर रायफलची अ‍ॅक्शन मिळाली. कवडीमोल! विकणारा मिशीत हसत होता. माझ्या पारखीचं कौतुक वाटलं असणार.

१४ सप्टेंबर
ऑरिनने कपाळाला हात लावला. दुर्बिणीसाठी भोकं पाडायची, बोल्टचा दांडा वाकवायचा, ट्रिगर बदलायचा. एवढ्या पैशांत दोन नव्या अ‍ॅक्शन आल्या असत्या म्हणे. त्याला धंदा करायचाय, दुसरं काय.

२० सप्टेंबर
ऑरिनची नवी टूम. पोरीला एकदा घेऊन ये, खांद्याला लावून बघू दे, मगच दस्ता कापतो. मी सांगितलं, एवढ्या लांब बिलिंग्जहून तिला कशाला बोलवायची? मी बाप आहे तिचा. तिला नखशिखांत ओळखतो. त्याने मान हलवली आणि माझंच माप लिहून घेतलं. पटलं त्याला.

३ ऑक्टोबर
बिल आलं. बर्फावर चालवायची स्नोमोबाइल विकली. नाहीतरी गुडघ्याला झेपत नव्हती.

१९ ऑक्टोबर
दस्त्याला तेलाचा शेवटचा हात. अक्रोडाचं लाकूड काय खुललंय! टेसाला फोन केला, उचलला नाही. कामात असेल.

२५ ऑक्टोबर
आली! उंच झालीय. मिरची घातलेलं बीफ केलं होतं, तिने आता मांस सोडलंय म्हणे. मग शिकारीला कशाला आलीस, असं विचारणार होतो. नाही विचारलं. रायफल हातात दिली. तिने दस्त्यावरून हात फिरवला. "बाबा, तुम्ही खरंच माझ्यासाठी केली?" म्हणाली. तिचे डोळे भरून आले. माझेही. चुलीच्या धुरामुळे.

२६ ऑक्टोबर, शनिवार
सीझनचा पहिला दिवस. उजाडताच कड्यावर. हरणाचा नर समोर आला. टेसाने रायफल डाव्या खांद्याला लावली. मला वाटलं, गडबडली असेल. गोळी हुकली. मग डावा हात रायफलवरून पलीकडे नेऊन ती उजवीकडचा बोल्ट कसाबसा ओढत होती. तेवढ्यात नर झाडीत गेला.

"सॉरी बाबा, मलाच वेळ लागला," म्हणाली.

मी विचारलं, खांदा दुखतोय का?

"नाही हो. मी डावखुरी आहे ना. लहानपणापासून." अगदी सहज म्हणाली. वर म्हणाली, रायफल फार सुंदर आहे, मी सवय करून घेईन.

दुपारी गेली. रायफल घेऊन गेली. जाताना मला मिठी मारली.

ऑरिनला फोन करायला हवा. डाव्या हाताची अ‍ॅक्शन मिळते, महाग असते, बघू.

नाही करत.

घटस्फोटाआधी अकरा वर्षं ती माझ्यासमोर बसून जेवली. चमचा कुठल्या हातात असायचा, आठवत नाही.