डाव्या सीटचे वजन

मी, शत्रुघ्न बाळकृष्ण तोडणकर, वय वर्षे ६६, निवृत्त, राहणार आचोळे, नालासोपारा (पूर्व), तालुका वसई, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र आज गुरुवारी सकाळी, चहा झाल्यावर, चष्मा पुसून, स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. आमच्या सोसायटीत याविषयी दुमत आहे, त्याचे कारण कलम ७ मध्ये येईल. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणायला घरात कोणी नाही.

वकील मेघनाताईंनी मला एक नमुना दिला होता, तो दीड पानात आटोपतो. मध्ये माझे चार शब्द घातले तर चालेल का, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, मिळकतीचा गोंधळ होऊ देऊ नका काका, बाकी काय हवे ते लिहा. म्हणून लिहितो. याच मेघनाताईंना मी या मृत्युपत्राच्या व्यवस्थापक नेमत आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. माझी पत्नी सौ. आशालता, माहेरची चुरी, आगाशीची, दिनांक ९ ऑगस्ट २००३ रोजी पोटाच्या आजाराने वारली. सौ. लिहिले ते तसेच राहू द्यावे. आम्हाला अपत्य नाही. माझे मूळ गाव रत्नागिरीकडचे, तिथे माझे म्हणावे असे आता कोणी नाही.

कलम २. राहती सदनिका, तिसरा मजला, पूर्ण माझ्या नावे व बोजाविरहित आहे. ती मी पत्नीची भाची कु. विनिता जितेंद्र चुरी हिला देत आहे. आशालता आजारी असताना ही मुलगी वडिलांना न सांगता आगाशीहून केळी घेऊन यायची. मला कळू नये म्हणून चपला दुसऱ्या मजल्यावर काढून अनवाणी वर यायची. मी त्या चपला रोज पाहत होतो आणि मुद्दाम अर्धा तास बाजारात काढत होतो. हे तिला कधी सांगितले नाही, आता सांगतो.

कलम ३. बँकेतली शिल्लक माझ्या दवाखान्याला आणि अंत्यविधीला लावून उरेल ती विनितालाच द्यावी. दिवसकार्य साधे करावे.

कलम ४. शिलाई मशीन, देव आणि आशालताच्या नऊवारी दोन साड्या विनिताला. बाकीच्या साड्या मी वाटलेल्या नाहीत. त्यांचे काय करायचे ते तिने ठरवावे, मला अडीच वर्षांत ठरवता आले नाही.

कलम ५. मी ठाण्याच्या एका कारखान्यात एकतीस वर्षे मोटारींच्या स्प्रिंगा तपासल्या. यंत्राखाली स्प्रिंग धरायची, वजन वाढवत न्यायचे, ती किती दबते ते पाहायचे आणि पसंत पडली तर शिक्का मारायचा. माझ्या शिक्क्याशिवाय स्प्रिंग दाराबाहेर जात नसे. कारखाना बंद झाला तेव्हा तो पितळी शिक्का मी खिशात घालून आणला. ही चोरी आहे, कबूल. तो शिक्का आणि माझी सगळी हत्यारे तुळिंजचे गॅरेजवाले श्री. प्लासिड डाबरे यांना द्यायची होती. पण साक्षीदाराला मृत्युपत्रात काही देऊ नये, असा वकिलांचा सल्ला पडला. साक्षीला बोलवावी अशी माणसे मी मोजली तेव्हा दोनच निघाली आणि त्यातला एक प्लासिड. म्हणून मागच्या रविवारी शिक्क्यासह हत्यारांची पेटी त्याच्या हातात दिली आणि त्याला साक्षीदार म्हणून मोकळा ठेवला. पेटी घेताना तो म्हणाला, मग उद्यापासून तुम्ही इथे यायचं बंद करणार काय? मी म्हणालो, येणार, रिकाम्या हाताने येणार.

कलम ६. सोसायटीचे सेक्रेटरी श्री. विघ्नेश यांना मी काही देत नाही. फाटकातला गतिरोधक त्यांनी माझ्या गाडीचे पोट घासावे म्हणून उंच केला, असे मी २००१ च्या सभेत म्हटले होते. ते शब्द मागे घेतो. गतिरोधक ठीक होता, माझी गाडी खाली होती.

कलम ७. वाहन. लाल रंगाची लान्सर, १९९८ चे मॉडेल, पासिंग ठाण्याचे. कारखाना बंद झाल्यावर मिळालेल्या हिशेबाच्या पैशांतून सेकंडहँड घेतली. माझी ऐपत साध्या गाडीची होती, पण जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्यांच्या स्प्रिंगा दाबल्या होत्या. एक तरी धावणारी गाडी आपली असावी, असे वाटले. आशालता हसली आणि म्हणाली, घ्या. दर रविवारी आम्ही तिच्यातून आगाशीला तिच्या भावाच्या वाडीत जायचो.

गाडीत काही खोट नव्हती. खोट काढली मी. वळणावर ती जरा कलते, एवढे माझ्या डोक्यात बसले. २००० च्या दसऱ्याला गाडीला हार घातला आणि दुसऱ्या दिवशी प्लासिडकडे चारही स्प्रिंगा बदलल्या. मूळच्यापेक्षा दीड इंच आखूड आणि बऱ्याच कडक. जुने शॉकअप त्या स्प्रिंगांना आवरेनात, गाडी टुणटुण उडू लागली. म्हणून शॉकअपही कडक बसवले. मग गाडी रस्त्याला अशी चिकटली की मी वसईपर्यंत एकटाच जाऊन आलो, दोनदा. स्प्रिंग स्वतः तपासल्याशिवाय मी कधी पसंत केली नव्हती, हीसुद्धा तपासली. फक्त एकट्याने बसून तपासली.

त्या वर्षी भाऊबीजेला आगाशीहून परत येताना आशालता खिडकीकडे तोंड करून बसली. डोळ्यांत पाणी होते. विचारले तर म्हणाली, काही नाही. पुढच्या रविवारी म्हणाली, मी बसने जाते, तुम्ही आराम करा. दारात गाडी असताना बस? मला वाटले, भाऊ काहीतरी बोलला. आमच्या लग्नापासून जितेंद्र चुरींचा माझ्यावर राग होता. वाडी नाही, जमीन नाही, नोकरीवाला जावई. आता नोकरीही गेलेली. मी त्यांना फोन करून नको ते बोललो. तेही गप्प बसणारे नव्हते. आशालता म्हणत राहिली, भाऊ काही बोलला नाही हो. मी ऐकले नाही. तिला सांगितले, जायचे तर माझ्या गाडीतून, नाहीतर जायचे नाही.

ती गेली नाही. जवळजवळ तीन वर्षे, आठ-नऊ मैलांवरचे माहेर, आणि ती गेली नाही. मी रविवारी एकटा फेरी मारून यायचो आणि ती खिडकीतून हात करायची. जितेंद्र तिला पुन्हा दिसले नाहीत. ते थेट स्मशानात आले आणि लांब उभे राहिले.

तेराव्याला सालोमीताई आल्या. या आमच्याकडे नंदाखालहून भाजी घेऊन येतात, आशालताचे आणि त्यांचे गूळपीठ होते. त्यांनी टोपली खाली ठेवली आणि म्हणाल्या, "दादा, आता बोलते. बायच्या मनक्यात गॅप होता. तुमच्या गाडीत बसलं का तिची कंबर मोडून यायची. भाऊबीजेला तर नुसतं पानी पिऊन पडून होती. पन मला बोलली, त्यांना सांगू नको, त्यांनी लय हौसेनं बसवलंय."

तिच्या मृत्यूचा आणि गाडीचा काही संबंध नाही, असे डॉक्टर म्हणाले. मी तीन वेळा विचारले.

त्यानंतर मी चारही स्प्रिंगा काढल्या. गाडीबरोबर आलेला मूळचा संच पुन्हा बसवून मोकळे होता आले असते, पण तो तिच्यासाठी निवडलेला नव्हता, तो कोणासाठीही होता. आजारापूर्वी आशालताचे वजन अठ्ठेचाळीस किलो होते. तेवढे कोलम तांदळाचे पोते भरून डाव्या सीटवर ठेवले, पट्टा लावला आणि आगाशीचा रस्ता धरला. स्प्रिंग वजन पेलते आणि शॉकअप स्प्रिंगची उसळी आवरतो. दोघांचे जमले नाही तर कितीही भारी माल घ्या, उपयोग नाही. पहिली जोडी मऊ निघाली, बोळिंजच्या खड्ड्यांनंतर पोते डुलतच राहिले. दुसऱ्या जोडीत शॉकअप कडक होते, पोत्याचे कान थरथरायचे. तिसरीत पोते एकदा वर आले, एकदा खाली बसले आणि गप्प झाले. ती जोडी मी ठेवली. सहा महिने गेले. सोसायटीतल्यांनी मला तांदूळ फिरवताना पाहिले आणि काय समजायचे ते समजले.

सध्या गाडीत तीच जोडी आहे. मी एकटा बसलो की गाडी किंचित उजवीकडे झुकते, पोते असले की सरळ राहते. दर दिवाळीला तांदूळ बदलतो, जुना सालोमीताई नेतात. रविवारी आगाशीच्या तळ्यापर्यंत जातो. तिथून वाडी दोन मिनिटांवर आहे. मी तळ्यापासून गाडी वळवतो.

कलम ८. ही गाडी मी श्री. जितेंद्र चुरी यांना देत आहे. त्यांनी स्प्रिंग आणि शॉकअप बदलू नयेत. डाव्या सीटवर माणूस बसवावा, आणि त्याला कसे वाटते ते विचारावे.

कलम ९. भाऊ, हे कलम तुमच्यासाठी. त्या भाऊबीजेला तुम्ही काही बोलला नव्हता. मला हे तेराव्या दिवसापासून माहीत आहे आणि तुमच्या फाटकाशी येऊन सांगायचा धीर झाला नाही. तुमची बहीण तुमच्यापासून मी तोडली. मेल्यावर माफी मागणे सोपे आहे, हे मलाही कळते. म्हणून येत्या रविवारी तळ्यावरून वळणार नाही. फाटक बंद ठेवलेत तरी कलम ८ कायम राहील.

वर लिहिलेले मी वाचून, समजून, खालील दोघांसमक्ष सही करत आहे.

ठिकाण: आचोळे
दिनांक: १६ फेब्रुवारी २००६
सही: श. बा. तोडणकर

साक्षीदार:
१. प्लासिड इनास डाबरे, तुळिंज
२. सालोमी डाबरे, नंदाखाल (प्लासिडची कोणी नाही, आडनाव एक)

पुरवणी

कलम ८ व ९ संदर्भात. रविवारी गेलो. पोते घरी ठेवायचे ठरवले होते, पण ते काढले तर येताना डावी सीट रिकामी राहील म्हणून तसेच नेले. फाटक उघडे होते. जितेंद्र केळीला पाणी सोडत होते. मी सगळे उभ्याउभ्या सांगितले. त्यांनी पाणी बंद केले, हात धुतले आणि गाडीपाशी आले. हे काय, म्हणाले. मी म्हणालो, अठ्ठेचाळीस किलो.

त्यांनी पोते दोन्ही हातांनी उचलले, मागच्या सीटवर मधोमध ठेवले, त्याला पट्टा लावला आणि स्वतः डावीकडे बसले. मी बोळिंजपर्यंत नेले आणि परत आणले, सगळ्या खड्ड्यांवरून. कसे वाटते ते मी विचारले नाही, कलम ८ मध्ये स्वतःच लिहून. फाटकाशी उतरताना दारावर हात ठेवून म्हणाले, "तोडणकर, ही आशीला चालली असती."

आणि वाडीत निघून गेले. परत या, असे म्हणाले नाहीत. येऊ नका, असेही नाही. येताना पोते मागेच होते. गाडी उजवीकडे झुकली होती, तशीच चालवत घरी आणली.

कलम ९ चे काम झाले, ते रद्द समजावे. बाकी मृत्युपत्र कायम.

आचोळे, २१ फेब्रुवारी २००६
सही: श. बा. तोडणकर
साक्षीदार: प्लासिड डाबरे, सालोमी डाबरे