बाबांच्या नावाची सही

मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५

रविवारी इथे लिहिलं, ‘बाबांनी शेवटी वेगळ्या टाउनच्या अर्जावर सही केली.’ चूक. त्यांनी केली नाही. मी केली. ते आत झोपले होते.

अक्षर त्यांचंच आहे माझं. दहाव्या वर्षापर्यंत शाळा म्हणजे जेवणाचं टेबल आणि बाबा. सही जमायला दुसऱ्यांदा प्रयत्नही करावा लागला नाही.

का केली? माझ्यासोबत सह्या गोळा करणारे गिडियन अंकल दर वेळी हसून विचारायचे, “अख्ख्या एस्टेटला पटवतेस, आणि घरातलीच सही नाही?” एवढ्यासाठी!

बुधवार, ५ नोव्हेंबर

दमले. मेडनहेडहून बस, पुढे अंधारी पायवाट. दिवा अजून बंदच. कौन्सिल म्हणते रस्ता बिल्डरचा, बिल्डर म्हणतो मॅनेजमेंट कंपनीचा, कंपनी फोन उचलत नाही. या नव्या एस्टेटमध्ये नऊशे घरं झाली, अजून बांधतायत. पलीकडच्या जुन्या इंग्लिश गावात निम्मीसुद्धा नसतील, पण त्यांची स्वतःची छोटी कौन्सिल आहे. दिवा गेला की तिथल्या क्लार्कबाईंना नावाने फोन जातो. आम्ही कुणाला करायचा?

म्हणून आमचंही वेगळं टाउन हवं, स्वतःच्या कौन्सिलचं. अडीचशे मतदारांच्या सह्या दिल्या की मोठ्या कौन्सिलला विचार करावाच लागतो.

बाबा म्हणतात, “नवीन कौन्सिल म्हणजे नवीन खुर्च्या, नवीन टॅक्स. नागपूरला महापालिकेत तीस वर्षं काढलीत मी.” त्यांचंही अगदीच खोटं नाही.

शनिवार, ८ नोव्हेंबर

अर्ज काल गेला. २५४ सह्या.

गिडियन अंकल खूश. “तुझ्या बाबांनी काम केलं गं! श्यामलाताई काय म्हणाली माहितीये? ‘कमलाकररावांनी केली? मग आण तो कागद इकडे.’ तिच्यामागे तिच्या गल्लीतली सहा घरं!”

म्हणजे प्रश्न माझ्या एका खोट्या सहीचा नाही. त्या एकीवर सात खऱ्या उभ्या आहेत.

सांगायला तोंड उघडलं. त्यांनी हातात केकचा डबा ठेवला — “तुझ्यासाठी, सिप्पोरा आंटीने केलाय.” मी नुसतं थँक्यू म्हणाले.

रविवार, ९ नोव्हेंबर

आजही नाही सांगितलं.

सोमवार, १० नोव्हेंबर

बाबा दूध घेऊन आले. जॅकेट न काढताच बसले.

“गिडियन भेटला. भर रस्त्यात मिठी मारली मला.”

मी दूध फ्रिजमध्ये ठेवलं.

“तू केलीस?”

“हो.”

“नीट जमली का?”

हे ते चेष्टेने म्हणाले की कसं, कळलं नाही. चहा झाला. ते कप विसळून आत गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं!

मंगळवार, ११ नोव्हेंबर

सकाळी टोस्टला लोणी लावता लावता, माझ्याकडे न बघता — “कौन्सिलमधून कुणी विचारलं तर सही माझीच, असं सांगणार आहे. विषय संपला.”

आठ वर्षांची असताना पुस्तकामागचं उत्तर बघून गणित जुळवलं होतं. या माणसाने अख्खी वही पुन्हा लिहायला लावली होती.

टाउन अजूनही त्यांना नकोच आहे.

उद्या गिडियन अंकलना सांगणार. मग श्यामलाताईंना, त्यांच्या दारात जाऊन. आणि गुरुवारी, १३ नोव्हेंबरला, साडेनऊला कौन्सिलचं ऑफिस उघडलं की ती सही माझी आहे असं माझ्या नावाने लिहून देणार. रजा टाकली आहे.