भट्टीची दुसरी ओळ

भिलाई, सेक्टर सहा
२ जून २०२४

प्रिय अमर,

जय भीम. घरी सगळे बरे आहेत. बाबाचा गुडघा तसाच, कूलर तसाच, उन्ह आगीसारखं. तू बेंगळुरूच्या हवेत आहेस, तुले काय सांगायचं.

कागदावर लिहून राहिली म्हणून हसू नको. फोनवर तू हिंदीत वकिली करतो अन् मी हरते. मराठीत तुले गोल गोल बोलता येत नाही, लहानपणापासून येत नाही. म्हणून पत्र.

आधी नेहमीचं. माह्या गाण्यांच्या परीक्षणाच्या पेजवर लोक विचारून राहिले की या महिन्यात काय ऐकावं. दुर्गच्या रेल्वे पार्सल ऑफिसात डब्याच्या सुट्टीत मी कानात इअरफोन घालून सगळं ऐकलं. शिलाँगच्या त्या पोरींचं नवीन ईपी ऐक, चारच गाणे आहेत. ड्रम पुढे, आवाज मागे, मिक्सिंग कच्चं, पण एकही ओळ खोटी नाही. पुण्याच्या त्या गोऱ्यापान पोराचा अल्बम ऐकू नको. पुन्हा पाऊस, पुन्हा कॉफी, पुन्हा कुजबुज. आजकाल सगळेच असे कुजबुजतात जसा बाजूच्या खोलीत घरमालक झोपला आहे! अन् रायपूरच्या एका पोरानं छत्तीसगढी रॅप टाकला. बास फाटलेला आहे, पण त्यात त्याच्या गल्लीचं नाव आहे, आईचं नाव आहे, ती कोणत्या ठेकेदाराकडे काम करते तेही आहे. मी तीनदा ऐकला.

आता तुह्या ‘गंज’ अल्बमबद्दल.

पहिलं गाणं चांगलं आहे. गिटारचा तो खरखरीत सूर तुलेच जमतो. दुसरंही ठीक. तिसऱ्यात इतका घुमारा घातला की वाटते, पाण्याच्या टाकीत बसून गायला. हे सगळं मी लिहिलं असतं, तुले तारे दिले असते, अन् नेहमीसारखं कोणाले सांगतलं नसतं की हा माहा भाऊ आहे.

पण चौथं गाणं ‘भट्टी’.

अमर, तो आवाज आजीचा आहे. तू बारावीत असताना अंगणात बसून टेप केलेला. अन् खाली श्रेय काय? ‘लोकस्वर: अज्ञात, छत्तीसगढ’. अज्ञात! जिच्या हातची भाकर खाऊन तू मोठा झाला, ती अज्ञात? गाणं आलं त्याच दिवशी मी तुले फोन केला. तू म्हणाला, “दीदी, वो ड्राफ्ट था, ठीक करवा दूँगा.” महिना झाला. अज्ञातच आहे.

मी विचारलं, दुसरी ओळ कुठं गेली? तू म्हणाला, “उस लाइन से गाना पॉलिटिकल हो जाता है. म्यूजिक लेबलवाले बोले, यूनिवर्सल रखो.”

ती ओळ तुले आठवते तरी का? ‘भट्टी पेटली भिलाईची, उजेड माह्या भीमाचा.’ आजीनं स्वतः जुळवली. पोलादाचा कारखाना उभा होत होता तेव्हा ती नवी नवरी, डोक्यावर विटा वाहणारी रेजा होती. भट्टी पेटली तेव्हा कोणी म्हणे ही सरकारची आग, कोणी म्हणे परदेशी साहेबांची. आजी म्हणे, आग कोणाचीही असू द्या, आमाले या गेटाच्या आत उभं राहू दिलं तो उजेड बाबासाहेबांचा. अख्खं गाणं त्या दुसऱ्या ओळीसाठी आहे. पहिली ओळ नुसती आगपेटी. तू आगपेटी ठेवली अन् उजेड फेकला. तुह्या गाण्यात ती बिचारी नुसती ‘भट्टी पेटली, भट्टी पेटली’ म्हणत फिरत राहते, घाण्याच्या बैलासारखी. अन् पोस्टरवरून ‘मेश्राम’ आडनावही गेलं. नुसता ‘अमर’. तेही यूनिवर्सल असेल.

आता बुद्धपौर्णिमेचं सांगते. सांगायचं नव्हतं, पण सुरू केलं आहे तर होऊ दे.

विहारात महिला मंडळाचा कार्यक्रम होता. शेजारच्या मोनालीनं फोन स्पीकरले जोडला अन् माईकवर म्हणाली, “आपल्या अमरभाऊचं नवीन गाणं, अन् त्यात आपली भीमाबाई आजी!” काय टाळ्या पडल्या! आजी पांढरं लुगडं नेसून पहिल्या रांगेत. मी तिले आधी काही सांगतलं नव्हतं. वाटलं होतं, तू दुरुस्त करशील, मग ऐकवीन.

पहिली ओळ आली. आजी हसली. दुसरीसाठी तिनं श्वास घेतला, तोंड उघडलं, अन् पुन्हा पहिलीच ओळ आली.

“मोनाली, अडकलं वं तुह्यं मशीन.”

“नाही आजी, गाणं असंच आहे.”

“असं कसं? अर्धंच? कोनं तोडलं?”

सगळ्या बाया माह्याकडे पाहू लागल्या. मी म्हटलं, “अमरनं.”

“कावून?”

ओळ का तोडली, याचं उत्तर तुह्याकडे असेल तर लिही.

आजी खुर्चीची पाठ धरून उठली. पुन्हा पहिली ओळ आली अन् तिनं त्यावर दुसरी स्वतः म्हटली. तुह्या ढोलावर, तुह्या गिटारवर, न घाबरता. पुढच्या फेऱ्याले सगळ्या बाया तिच्यासंगं होत्या. त्याच्या पुढच्या फेऱ्याले आजीनं तोंड उघडलं अन् आवाज आलाच नाही. ओठ हलत होते, गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या, पण नुसती हवा. बायांनी गाणं पूर्ण केलं.

वर मी लिहिलं की घरी सगळे बरे आहेत. नाहीत. आजीचा आवाज होळीपासून बसलेला होता, आम्ही सर्दी समजत राहिलो. तिच्या गळ्यात गाठ आहे. रायपूरले या आठवड्यात ऑपरेशन आहे. जीव वाचेल म्हणतात, आवाजाचं कोणी बोलत नाही.

तिनं मले बजावलं, “त्याले सांगू नको. दयेनं लावलेली ओळ मले नको. समजून लावत असेल तर लाव म्हनाव.” मी तिचं ऐकत नाही आहे, कारण तुह्या टेपमधे ती धडधाकट आहे अन् तो टेप तू कापला. माहा राग माह्यात मावून नाही राहिला.

ओळ लाव, नाव लाव. नाही तर गाणं काढून टाक.

दीदी


भिलाई
१६ जून २०२४

अमर,

गाठ निघाली. जीव वाचला. आवाज गेला. गळ्याले भोक आहे, त्यातून श्वास घेते. आता ती बोलणार नाही.

तू ओळ लावली, ते पाहिलं. श्रेयात ‘भीमाबाई मेश्राम’ आहे, तेही पाहिलं. क्षणभर मले वाटलं, माहा भाऊ परत आला.

मग तुही पोस्ट पाहिली. बाबानं तुले काळजीनं पाठवलेला दवाखान्यातला फोटो! आजीच्या नाकात नळी, डोळे अर्धे मिटलेले, छातीवरचं लुगडं सरकलेलं. वर लिहिलं, ‘माय ग्रँडमॉम, द लास्ट सॉन्ग’, अन् खाली लिंक. हजारो लोकांनी दिल टाकले. ज्या लेबलले बाबासाहेबांचं नाव जड झालं होतं, त्यालेच आजीची नळी चालली. मी तुले आजार सांगतला तो भाऊ म्हणून. तू त्याची जाहिरात केली. आजी जे म्हणे ते हेच. दया. अन् तीही विकायची.

मी तिले गाणं ऐकवलं, कारण ते तिचं आहे. डोळे मिटून ऐकलं. खाटेच्या लोखंडी दांडीवर बोटांनी ठेका धरला होता. दुसरी ओळ आली तेव्हा ठेका थांबला, अन् ओळ संपेपर्यंत थांबलेलाच होता. मग तिनं हात हलवला, पुन्हा लाव. पुन्हा लावलं.

फोटो मले दाखवायचा नव्हता. पण तिले पाहायले आलेल्या मोनालीच्या फोनवर तो दिसला. आजीनं फोन हातात घेतला, बराच वेळ पाहिला, स्वतःचं लुगडं छातीवर ओढून घेतलं. मग फोन पालथा ठेवला.

आता मी तिचे ओठ वाचते. तिनं तीन गोष्टी सांगतल्या, जशाच्या तशा लिहिते. गाणं राहू दे. फोटो काढ. त्याले बोलाव.

फोटो आज काढ. बोलावणं तिचं आहे, माहं नाही. मी बोलावलं नसतं.

तू आला की ती पुन्हा तेच विचारेल, ओळ तोडली कावून. आवाज नाही म्हणून ओठ समजले नाहीत असं नाटक करू नको. मी बाजूले बसून राहीन अन् तिचा प्रश्न मोठ्यानं म्हणीन. तुले मराठीतच सांगा लागंल, तिच्या डोळ्यांत पाहून.

खाली ‘तुही दीदी’ लिहायले हात उठून नाही राहिला. ते तिले उत्तर देशील तेव्हा पाहू.

संघमित्रा मेश्राम